डाग खडकाचा की नळीचा?

वाशीमचा इतिहास सांगायचा तर पाण्यापासून सुरुवात करावी लागते. हे गाव म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. त्याच्या माहात्म्यात १०८ तीर्थे सांगितली आहेत आणि पद्मतीर्थ आजही गावात आहे. तीर्थ, बारव, आड, विहीर ही पाण्याची जुनी ठिकाणे सारी उघडी असत. आता घराघरांत बोअर आली. तिच्या पाण्याने पांढऱ्या सदऱ्यावर किंवा मोरीच्या फरशीवर तांबूस डाग पडू लागला, की घरात एकच निदान होते, "बोअरला लोखंडाचं पाणी लागलं." हे निदान दर वेळी खरे असते का, याचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासात आहे.

आपल्या पायाखालचा काळा खडक म्हणजे बेसाल्ट. त्यात लोहाची संयुगे साधारण दहा ते पंधरा टक्के असतात. मात्र लोह खडकात असणे वेगळे आणि पाण्यात उतरणे वेगळे. हवा लागलेल्या पाण्यात लोह विरघळून राहत नाही. त्याचा गंज होतो आणि तो तळाशी बसतो. जमिनीत खोलवर, जिथे हवा पोचत नाही, तिथेच ते विरघळलेल्या स्थितीत, डोळ्यांना न दिसता टिकून राहते.

जुन्या विहिरीत हवेला मज्जाव नव्हता. पोहरा पाण्यावर आपटे, मोटेचे पाणी थारोळ्यात कोसळे. घरी आणलेले पाणी दुहेरी फडक्यातून गाळून रांजणात रात्रभर निवळत ठेवीत. निवळीची बी घासून पाण्यात घालण्याची चाल तर फार जुनी. सुश्रुतसंहितेत पाणी स्वच्छ करणाऱ्या सात वस्तू दिल्या आहेत, त्यांत कतक म्हणजे हीच निवळी आहे. आपण पाण्यातले लोह काढतो आहोत, असे कोणाच्या मनातही नसे. पण थोडेफार लोह असलेच, तर ते या रीतीने निघून जाई.

१९७२च्या दुष्काळात विहिरी आटल्या आणि खडक फोडणारी यंत्रे महाराष्ट्रात गावोगाव फिरू लागली. सुरुवातीचे बिडाचे हातपंप लवकर मोडत. जालना आणि सोलापूर इथे मिशनरी संस्थांच्या कामातून अधिक दणकट पंप तयार झाले. सोलापूरच्या पंपाच्या धर्तीवर 'इंडिया मार्क टू' आकाराला आला आणि १९७७-७८च्या सुमारास मद्रासच्या 'रिचर्डसन अँड क्रुडास' या सरकारी कंपनीत त्याचे उत्पादन सुरू झाले. आपल्या गावची हापशी ती हीच. तिचे उपकार मोठे आहेत. पायऱ्यांच्या विहिरींतून पसरणारा नारू देशातून गेला, त्यात अशा झाकलेल्या पाण्याचाही वाटा आहे. नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. उघड्या विहिरीचे गोडवे गाताना हे विसरता कामा नये.

मात्र या पंपाची पाणी उचलणारी नळी जीआय पाइपची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची होती. मुलामा झिजला की लोखंड उघडे पडते आणि गंजू लागते. आफ्रिकेतल्या हातपंपांचा अभ्यास करताना ओटो लांगेनेगर या तज्ज्ञाला दिसले, की ज्या लोहाचा दोष जमिनीला दिला जात होता, ते अनेक ठिकाणी पंपाच्या नळीतून येत होते. तिथले पाणी आम्लधर्मी होते. आपल्या बेसाल्टमधले पाणी बहुधा अल्कधर्मी असते, त्यामुळे नळी तितक्या झपाट्याने खात नाही. तरी जुनी नळी आणि लोखंडी केसिंग कालांतराने गंजतेच.

याउलट गोष्ट बर्लिनची. तिथल्या टेगेल जलकेंद्राने १८७७ साली विहिरींचे पाणी शहराला देणे सुरू केले. त्या पाण्यातले लोह मात्र खरोखरच जमिनीतले होते. लोहावर वाढणाऱ्या जंतूंनी नळ बुजू लागले आणि काही वर्षांतच विहिरी सोडून तळ्याचे पाणी घ्यावे लागले. पाण्यात आधी हवा मिसळायची आणि मग ते वाळूतून गाळायचे, हा उपाय पुढे युरोपभर रूढ झाला.

आपल्या घरचा डाग यांपैकी कोणता, हे ओळखणे सोपे आहे. सकाळचे पहिले पाणी लाल आणि थोडा वेळ उपसल्यावर स्वच्छ येत असेल, तर संशय नळीवर घ्यावा. पाणी काढताना स्वच्छ, पण बादलीत तासभर ठेवल्यावर पिवळट होत असेल, तर लोह जमिनीतले. अशा पाण्याचा चहाही काळपट होतो. लिटरला ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह असले, की कपड्यांवर डाग पडू लागतात. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावपातळीवर पाणी तपासण्याचे संच देण्यात आले. त्यांत लोहाचीही तपासणी होते.

दोष नळीचा असेल तर गाळणी लावून उपयोग नाही, नळीच बदलावी. प्लॅस्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची नळी गंजत नाही. दोष जमिनीचा असेल तर हवा आणि वाळू. भोके पाडलेल्या डब्यातून पाणी धारेने खालच्या टाकीत पडू द्यावे, काही वेळ निवळू द्यावे आणि धुतलेल्या वाळूतून गाळावे. वाळूचा वरचा थर वरचेवर धुवावा. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने हापशीला जोडायचे लोहनिवारण यंत्र तयार केले, तेही याच तत्त्वावर. नुसती तुरटी फिरवून विरघळलेले लोह जात नाही. टीसीएल पावडर टाकल्यावर पाणी एकाएकी लाल झाले तर घाबरू नये. आधी न दिसणारे लोह आता गंज होऊन दिसू लागले, एवढाच त्याचा अर्थ. आणि डागाळलेल्या कपड्याला ब्लीचिंग लावू नये, त्याने डाग पक्का होतो. लिंबू आणि मीठ चोळावे.

दोष नळीचा असताना खडकावर ठपका ठेवून दुसरी बोअर मारली आणि तिच्यातही तीच जुनी नळी सोडली, तर पैसा जातो आणि डाग मात्र राहतो. म्हणून बोअरच्या गाडीला निरोप धाडण्याआधी एक दिवस सकाळचे पहिले पाणी आणि नंतरचे पाणी दोन बादल्यांत शेजारी शेजारी ठेवून पाहावे.