न रुतणारा नांगर

नांगर म्हटला कीं तो तळाशीं रुतावयाचा, हा आपला नेहमींचा समज. परंतु ज्या समुद्राच्या तळाला दोर पोंचतच नाहीं, तेथें होडी सर्वस्वीं वाऱ्याच्या स्वाधीन होऊं नये म्हणून माणसानें प्रत्यक्ष पाण्यांतच नांगर रोवला, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. हल्लीं कयाक नांवाच्या अरुंद होडींतून मासे धरण्याचा छंद अनेक देशांत वाढला आहे. त्या छंदी मंडळींपुढें असला नांगर केवढा घ्यावा, हा प्रश्न नेहमींच उभा राहतो. प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो; पण त्याचा इतिहास पाहिल्यावांचून त्याचें उत्तर नीट सांपडावयाचें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची. लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ते ती तयार करीत. शिकारी एकटा, आणि सावज पुष्कळदां त्याच्या होडीहूनही वजनदार. म्हणून भाल्याच्या दोरास ते फुगविलेली कातड्याची पिशवी बांधीत. कांहीं ठिकाणीं कड्यावर कातडें ताणून तेंही दोरास जोडीत. जखमी प्राणी पळे, पण तें कातडें पाण्यांतून ओढतां ओढतां थकून जाई. पाण्याच्या विरोधास कामाला जुंपण्याची युक्ति त्यांना ग्रंथावांचून साधली होती.

हीच कल्पना बेंजामिन फ्रँकलिन यानें निराळ्या वाटेनें गांठली. १७८५ सालीं, वयाच्या ८० व्या वर्षाच्या उंबरठ्यावर असतां, युरोपांतून अमेरिकेस परततांना त्यानें जहाजावर एक दीर्घ पत्र लिहिलें. त्यांत ‘पोहणाऱ्या नांगरा’चे दोन प्रकार सुचविले आहेत, एक पतंगासारखा, दुसरा छत्रीसारखा.

पुढें १९०१ त कॅप्टन जॉन व्हॉस हा एकाच वृक्षाचा बुंधा कोरून केलेली, सुमारें ३८ फूट लांबीची ‘टिलिकम’ होडी घेऊन कॅनडांतील व्हिक्टोरियाहून निघाला आणि १९०४ त इंग्लंडला पोंचला. वादळांत तो नाळेकडून कापडी नांगर सोडी; होडीचें तोंड लाटांकडे राही आणि लाट कुशीवर आदळत नसे.

पण या साधनाची खरी कसोटी १९१६ त लागली. शॅकल्टन व त्याचे पांच सोबती साडेबावीस फुटांच्या ‘जेम्स केर्ड’ होडींतून एलिफंट बेटावरून सुमारें ८०० सागरी मैलांवरील साउथ जॉर्जियाकडे निघाले होते. वाटेंत बर्फानें नांगराचा दोर कापला गेला आणि नांगर गेला. त्यानंतर तुफानांत होडीचें तोंड लाटेसमोर धरण्याचें काम शीड व सुकाणू यांवरच पडलें. १० मे रोजीं ते किनाऱ्यास लागले, ही त्यांच्या धैर्याची व कौशल्याची कमाई. आमच्या विषयापुरता बोध एवढाच कीं, नांगराइतकीच त्याच्या दोराची चिंता वाहावी.

आतां निवडीकडे वळूं. मासे धरणाऱ्यास होडी थांबवावयाची नसते. वाऱ्यानें ती वेगानें वाहूं लागली म्हणजे गळ माशापुढून पळूं लागतो, तो मंद करावयाचा असतो. नांगराच्या तोंडाचा व्यास दुप्पट केला कीं त्याचें क्षेत्रफळ, आणि त्याच वेगास त्याची ओढ, चौपट होते. म्हणून १८ इंचांऐवजीं ३६ इंचांचा नांगर हा ‘जरा मोठा’ नव्हे. हलक्या होडीस प्रथम लहानच घ्यावा. तो टोकाकडून बांधावा. मध्यभागीं बांधल्यास आडवी ओढ लागून अरुंद होडी कलंडण्याचें भय. त्याच्या शेपटास निराळी दोरी असावी; ती ओढली कीं नांगर उलटा होऊन सहज वर येतो. दोर तत्काळ कापतां यावा म्हणून सुरी हाताशीं ठेवावी. आणि बुडालेलीं झाडें असलेल्या वाहत्या नदींत तो सोडूंच नये, कारण तेथें तो अडकला तर होडीलाच खालीं खेंचील.

शिवाय हा नांगर वेग कमी करतो, पण दिशा आपल्या मनाजोगी करीत नाहीं. वारा खडकाकडे नेत असेल, तर होडी सावकाश कां होईना, खडकाकडेच जाईल. म्हणून नांगराचें माप ठरविण्यापूर्वीं वाऱ्याचा रोख पाहावा. नांगर आपणांस अवधि मिळवून देतो. त्या अवधींत वल्हें मारावयाचें तें आपणच.