क्वार्टरचे भाडे कसे ठरते आणि आपल्याला कोण विचारते?

उकवा हे मँगनीजच्या खाणीचे गाव. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे नागपूर, भंडारा, गोंदिया भागातून नोकरीनिमित्त इकडे आली आणि इथलीच झाली. काही जण आता स्वतःच्या घरात राहतात, तर काही वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये. मुले-मुली, भाऊ-भाचे भिलाई, नागपूर, भोपाळ अशा ठिकाणी सरकारी किंवा कंपनीच्या घरात राहतात. या घरांचे भाडे कोण ठरवतो, कसे ठरवतो आणि ठरवताना राहणाऱ्यांना विचारावे लागते की नाही, हे प्रश्न आपल्या बैठकींत वारंवार निघतात. सभासदांना एकत्र माहिती मिळावी म्हणून हा लेख देत आहोत.

घर कोणत्या नात्याने मिळते

बाजारातले भाड्याचे घर आणि नोकरीसोबत मिळालेले घर यांत कायद्याने फरक आहे. बाजारात आपण भाडेकरू असतो. क्वार्टरमध्ये आपण साधारणपणे परवानाधारक असतो, म्हणजे मालकाच्या परवानगीने राहणारे. परवान्याची ही कल्पना १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातली आहे. म्हणूनच सरकारी कागदावर 'भाडे' न लिहिता 'लायसन्स फी' लिहिलेले असते. नोकरी आहे तोवर परवाना, नोकरी संपली की तोही संपतो. भाडे नियंत्रण कायद्याचा आधार अशा घराला मिळत नाही असेच धरून चालावे. मध्य प्रदेशचा १९६१ चा स्थान नियंत्रण कायदा आणि महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, दोन्हींतून सरकारी मालकीची घरे वगळलेली आहेत.

थोडा इतिहास

या भागातील मँगनीज खाणींचा मोठा कारभार १८९६ पासूनच्या एका ब्रिटिश कंपनीकडे होता. पुढे तिचे नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाले. १९६२ मध्ये मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड स्थापन झाली. तिचे ५१ टक्के भाग केंद्र सरकार, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्याकडे होते, उरलेले ४९ टक्के जुन्या कंपनीकडे. १९७७ मध्ये तेही सरकारकडे आले. आज आपण तिला मॉइल म्हणतो. मुख्यालय नागपूरला आणि खाणी दोन राज्यांत: इकडे भरवेली, उकवा, तिरोडी; तिकडे चिखला, डोंगरी बुजुर्ग, मनसर, कांद्री, गुमगाव. १९५६ पर्यंत बालाघाटची राजधानीही नागपूरच होती, त्यामुळे या पट्ट्यातल्या घरांची नाती राज्याच्या सीमेने तुटली नाहीत.

खाण जंगलात आणि कामगार लांबून येणारे, त्यामुळे घर देणे ही मालकाचीच गरज होती. म्हणून खाणवसाहतींत घराचा प्रश्न पहिल्यापासून पगाराला जोडलेला राहिला. स्वतंत्र भाडे म्हणून त्याच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही.

सरकारनेही यात हात घातला. १९५२ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची केंद्रीय योजना आली. १९७६ मध्ये लोह व मँगनीज खाण कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा झाला आणि त्या निधीतून घरबांधणीला मदत मिळू लागली. या कायद्यातील सल्लागार समित्यांची रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. सरकार, खाणमालक आणि कामगार यांचे सारखे प्रतिनिधी आणि किमान एक महिला सभासद असे बंधन होते. या निधीसाठीचा उपकर आता बंद झाला आहे, पण घर चालवणाऱ्या बाईचे म्हणणे समितीत यावे हा विचार तेव्हाच कायद्यात आला होता.

भाडे ठरवण्याच्या पद्धती

ढोबळमानाने तीन पद्धती दिसतात.

१. खर्चावरून: जमीन, बांधकाम, व्याज आणि दुरुस्ती यांचा हिशेब करून.

२. पगारावरून: मूळ वेतनाच्या ठराविक टक्क्यांइतके.

३. क्षेत्रफळावरून: घराच्या प्रकारानुसार एकच दर. केंद्र सरकारी घरांना १ जुलै १९८७ पासून हीच पद्धत लागू आहे आणि दर काही वर्षांनी सुधारले जातात.

सार्वजनिक उपक्रम आपापले नियम करतात. कामगारांच्या बाबतीत प्रत्यक्ष आकडा वेतन करारात किंवा कार्यालयीन आदेशात सापडतो. म्हणून भाड्याबद्दल काही विचारायचे असेल तर आधी चालू वेतन कराराची प्रत पाहावी.

खरे भाडे किती?

पगारपत्रकावर क्वार्टरची कपात शे-दोनशे रुपये दिसते आणि आपण म्हणतो, घर जवळजवळ फुकट आहे. हा हिशेब अपुरा आहे. क्वार्टर घेतले की साधारणपणे घरभाडे भत्ता मिळत नाही.

समजा एखाद्याचे मूळ वेतन ३०,००० रुपये आहे आणि भत्त्याचा दर १० टक्के आहे. भत्ता ३,००० रुपये झाला. क्वार्टरची कपात २०० रुपये. म्हणजे त्या घरासाठी कुटुंब महिन्याला ३,२०० रुपये मोजते. पगार वाढतो तसा सोडलेला भत्ताही वाढतो, घर मात्र तेवढेच आणि तेच राहते. (आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपला दर आपल्या पगारपत्रकावरून घ्यावा.)

या हिशेबावर आम्ही भर देतो त्याला कारण आहे. 'भाडे नाममात्र आहे, मग तक्रार कशाला' असे म्हणून गळके छप्पर, तुंबलेली नाली आणि उखडलेली फरशी वर्षानुवर्षे तशीच राहते. कपात कमी दिसली की माणूस बोलायला संकोचतो. सोडलेला भत्ता धरला तर दुरुस्ती मागणे ही मेहरबानीची याचना राहत नाही.

विचारणे कुठे बंधनकारक आहे?

'भाडे ठरवताना राहणाऱ्यांचे मत घ्या' असा थेट कायदा क्वार्टरसाठी नाही. पण चार जागी आपला शब्द लागतो.

*पहिली जागा: कपातीला संमती.* १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात मालकाने दिलेल्या घरासाठी पगारातून कपात करण्याला दोन अटी होत्या. ते घर कामगाराने सेवाशर्त म्हणून किंवा अन्य रीतीने स्वीकारलेले असले पाहिजे आणि कपात घराच्या मोलापेक्षा जास्त नसावी. त्या कायद्याला पगाराची मर्यादा होती, २०१७ पासून ती महिना २४,००० रुपये होती. २०१९ च्या वेतन संहितेत याच दोन अटी आल्या आहेत आणि तिथे ही पगारमर्यादा नाही. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सर्व कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत असाही तिचा नियम आहे.

*दुसरी जागा: बदलाची नोटीस.* वेतन, भत्ते किंवा रूढ झालेली सवलत यांत बदल करायचा तर मालकाने आधी नोटीस द्यावी आणि २१ दिवस थांबावे, असे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचे कलम ९-अ सांगत होते. औद्योगिक संबंध संहितेत हीच तरतूद पुढे आली आहे. यादीत 'क्वार्टरचे भाडे' हे शब्द नाहीत, त्यामुळे एखादी वाढ यात बसते की नाही यावर वाद होऊ शकतो. वर्षानुवर्षे चालत आलेली सवलत काढली जात असेल तर कामगारांची बाजू अधिक भक्कम असते. बदल वेतन करारातूनच झाला असेल तर वेगळ्या नोटिशीची गरज राहत नाही.

*तिसरी जागा: वेतन करार.* खरी बोलणी इथेच होतात. नव्या संहितेनुसार ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटीसाठी एकमेव प्रतिनिधी ठरते. तेवढा पाठिंबा कोणाला नसेल तर वाटाघाट परिषद बसते. करारात पगारवाढीवर चार तास आणि क्वार्टरवर चार मिनिटे असे होऊ नये, तर मागणीपत्र तयार होण्यापूर्वी आपले मुद्दे लेखी गेले पाहिजेत. सही झाल्यावर बोलून उपयोग नसतो.

*चौथी जागा: कार्यसमिती आणि तक्रार निवारण समिती.* शंभर किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी शासनाच्या आदेशाने दोन्ही बाजूंची कार्यसमिती नेमता येते. वीस किंवा अधिक कामगार असतील तर तक्रार निवारण समिती हवी आणि तिच्यात महिला कामगारांना पुरेसे स्थान हवे. भाड्याचा दर या समित्या ठरवत नाहीत. पाणी, वीज, दुरुस्ती, वाटपाची यादी हे विषय मात्र इथे मांडता येतात.

या चारही जागी बोलावणे कामगाराला असते. घरात दिवसभर राहणारी पत्नी, आई, सासरे यांना कुठेच जागा नाही. नळाला पाणी किती वाजता येते आणि पावसाळ्यात कोणती भिंत ओलावते, हे त्यांनाच पक्के ठाऊक असते. प्रतिनिधींनी बैठकीला जाण्यापूर्वी वसाहतीतल्या महिलांशी बोलून घ्यावे, अशी आमची विनंती आहे. त्यासाठी कायदा लागत नाही.

इतरत्र काय घडले

मुंबईत १९२० मध्ये स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड (ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी येथे कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. ज्यांच्यासाठी बांधल्या त्यांना विचारले नव्हते. भाडे कामगारांना परवडेना, सोयी अपुऱ्या, म्हणून सुरुवातीची वर्षे कित्येक खोल्या रिकाम्या पडून होत्या. पुढे याच चाळी मराठी कामगारांचे घर झाल्या.

ब्रिटनमध्ये नगरपालिका स्वतःची घरे भाड्याने देते. इंग्लंडच्या १९८५ च्या गृहनिर्माण कायद्याने घरांच्या व्यवस्थापनातील बदलांबद्दल भाडेकरूंशी सल्लामसलत सक्तीची केली, पण त्या सक्तीतून भाडे आणि सेवाशुल्क हे दोन विषय वगळले. स्कॉटलंडच्या २००१ च्या कायद्याने उलट केले: भाडे वाढवण्यापूर्वी भाडेकरूंना विचारा, त्यांच्या मताचा विचार करा आणि मगच किमान चार आठवड्यांची नोटीस द्या. अंतिम निर्णय तिथेही मालकाचाच असतो. तरीही वाढीचे कारण आणि त्या पैशांत कोणती कामे होणार हे आधी सांगावे लागते.

निवृत्तीनंतर

सर्वांत जास्त त्रास इथे होतो. निवृत्ती, बदली किंवा मृत्यूनंतर ठराविक मुदत मिळते आणि ती संपल्यावर दर एकदम वाढतो. सरकारी कंपन्यांची घरे १९७१ च्या सार्वजनिक जागा कायद्याखाली येतात. संपदा अधिकारी नोटीस देतो आणि म्हणणे ऐकून आदेश काढतो. त्यावर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येते, पण मुदत फक्त १२ दिवसांची आहे. २००५ मध्ये ओएनजीसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कंपनीच्या नियमांत तरतूद असल्याने, जादा राहिल्याचे दंडात्मक भाडे ग्रॅच्युइटीतून वळते करणे मान्य केले. म्हणजे आयुष्यभराची जमा काही महिन्यांत घटू शकते. निवृत्तीच्या किमान दोन वर्षे आधी पुढच्या घराची सोय पाहावी. मुलांची परीक्षा किंवा आजारपण असेल तर मुदत संपण्यापूर्वीच लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी.

भाडेबदलाचे पत्र आले तर

• पत्राची तारीख, लागू होण्याची तारीख आणि आदेश क्रमांक टिपून ठेवावा.

• वाढ वेतन करारातून आली की स्वतंत्र आदेशाने, हे विचारावे.

• दर कशावरून काढला: क्षेत्रफळ, पगार की खर्च? पाणी, वीज, सफाई त्यात धरली आहे की वेगळी?

• सोडलेला घरभाडे भत्ता मिळवून आपला खरा मासिक खर्च काढावा.

• दुरुस्तीच्या अर्जांच्या प्रती आणि पोच जपून ठेवाव्यात. बोलणीत त्याच कामी येतात.

• सार्वजनिक उपक्रम माहिती अधिकार कायद्याखाली येतात. आदेशाची प्रत अर्ज करून मागता येते.

• एकट्याने भांडण्यापेक्षा वसाहतीतील दहा-बारा घरांनी मिळून एक पत्र संघटनेला द्यावे.

प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात. वाद न्यायालयापर्यंत जाण्याची चिन्हे असतील तर वकिलांचा सल्ला जरूर घ्यावा. हिशेब मांडायला किंवा अर्ज मराठी-हिंदीत लिहायला मदत हवी असल्यास सभासदांनी पगारपत्रक आणि आलेले पत्र घेऊन मंडळाच्या बैठकीला यावे. घरातील महिलांनीही सोबत यावे.