वादाचा फड आणि उत्क्रांतीचा धडा

सवाल-जवाबाचं वेड आपल्या झाडीपट्टीला नवीन नाही. दिवाळी सरली, धान घरी आलं की कोहमाऱ्याच्या आसपासच्या गावांत मंडप पडू लागतात. नाटक, दंडार, खडी गंमत पाहायला माणसं रात्र जागवतात. एक शाहीर सवाल टाकतो, दुसरा त्याला पेचात धरतो, टाळी पडते. ज्याला टाळी, तो जिंकला. फडावर हे शोभतंही. पण शाळेतल्या विज्ञानाच्या धड्याचा निकालही असाच लावावा काय?

हा प्रश्न महाराष्ट्रातच उभा राहिला होता. जानेवारी 2018 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वैदिक संमेलनानिमित्त केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह आले होते. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त आणि रसायनशास्त्र शिकलेले हे गृहस्थ म्हणाले की, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे, अभ्यासक्रमातून तो बदलायला हवा. टीका झाल्यावर त्यांनी परिषद भरवून चर्चा करण्याची कल्पना मांडली.

देशातल्या तीन विज्ञान अकादमी त्या चर्चेच्या फंदात पडल्या नाहीत. त्यांनी संयुक्त पत्रक काढलं : उत्क्रांतीच्या मूळ तथ्यांबद्दल शास्त्रज्ञांत वाद नाही, आणि तो विषय शाळेतून काढणं म्हणजे मागं जाणं ठरेल. खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही सहकाऱ्याला आवरलं आणि डार्विनला चूक ठरवण्यासाठी परिषद घेण्याचा विचार नसल्याचं स्पष्ट केलं.

आता साधा माणूस विचारतो, खरं आहे तर वादाला का भ्यायचं? प्रश्न रास्त आहे. पण व्यासपीठावरच्या वादाची गंमत पाहा. ‘माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला?’ हे विचारायला पाच सेकंद लागतात. माणूस आजच्या माकडापासून झालेला नाही, दोघांचे पूर्वज एक होते, हे जीवाश्म, हाडं आणि आनुवंशिकता यांच्या आधारे समजवायला शाळेचा एक तासही अपुरा पडतो. घड्याळ मात्र दोघांनाही सारखंच.

1860 साली ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्स आणि थॉमस हक्सली यांची प्रसिद्ध चकमक झाली. त्या सभेचा शब्दशः वृत्तांत उपलब्ध नाही. लोकांच्या लक्षात राहिले ते टोमणे. आपल्याकडे 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे धर्मविषयक वाद झाले. पुढं दोन्ही बाजूंनी आपापले वृत्तांत छापले. तो श्रद्धेचा वाद होता. असे वाद बहुधा असेच संपतात.

म्हणून शास्त्रज्ञांनी गप्प बसावं असं मात्र नाही. 2005 साली अमेरिकेत डोव्हर इथल्या शाळेचा खटला चालला, तेव्हा ते कोर्टात गेले, शपथेवर बोलले, उलटतपासणीला सामोरे गेले. तिथं टाळ्यांना किंमत नव्हती.

आपल्याकडचं उदाहरण मला त्याहून आवडतं. 2001 मध्ये विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम आणायचं ठरलं, त्याला जयंत नारळीकरांनी विरोध केला. पुढं 2008 मध्ये नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी ज्योतिषांची चक्क चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक दिव्यांग मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पाठवल्या : कुठली कोणत्या मुलाची, ते सांगा. 51 जणांनी कुंडल्या मागवल्या, 27 जणांनी उत्तरं दिली. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. भाषण नाही, टोमणा नाही. नियम आधी ठरलेले, निकाल नंतर.

उत्क्रांतीच्या बाबतीत एक उणीव मात्र राहते. 2023 मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. चांगलं केलं. पण सह्यांचं पत्र कोहमाऱ्याच्या नाक्यावर कोण वाचणार? आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाचं 2018 साली आलेलं पुस्तक घ्या. भाग 2 मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. तो शिकवणाऱ्या गुरुजींच्या मदतीला किती शास्त्रज्ञ येतात? यावं. प्रतिस्पर्धी घेऊन नव्हे, वटवाघळाच्या पंखाचं आणि माणसाच्या हाताचं चित्र घेऊन. दोन्हींतली हाडं एकाच मांडणीची कशी, ते पोरांना मोजू द्यावं.

मग एखादं पोरगं विचारणारच, की नवेगावच्या जंगलातली वानरं अजून वानरंच कशी? त्याला तिथंच सांगावं : तुझा चुलतभाऊ नागपूरला स्थायिक झाला, म्हणून गावातलं तुमचं घर रिकामं झालं काय?