तळटीप : चिपाड
१. चिपाड : रस काढून उरलेला उसाचा चोथा. मलकापूरकडे (ता. शाहूवाडी) गुऱ्हाळावर तो वाळवून काहिलीखालच्या चुलाणात घालतात, साखर कारखान्यात यालाच बगॅस म्हणतात. त्याचा कागद होतो, पण थेट नव्हे. सुमारे ३० टक्के भुसभुशीत गाभा आधी झाडावा लागतो. तो रसायन पितो आणि कागदाला बळ मात्र देत नाही. उरलेले धागे कॉस्टिक सोड्यात शिजवले की लिग्निन सुटून लगदा मिळतो. मलेशियात तेलमाडाच्या रिकाम्या घडांचाही असाच लगदा करतात. तिथे चिकटून राहिलेले तेल त्रास देते. मूळ मजकुरात लेखकाने चिपाडासाठी वापरलेला ‘फुकटचा कच्चा माल’ हा शब्दप्रयोग पटत नाही. तमिळनाडूतील करूरजवळची कागद गिरणी बगॅसच्या बदल्यात साखर कारखान्यांना जळण पुरवत आली आहे. गुऱ्हाळवाल्याने चिपाड दिले, तर त्याच्या चुलाणात काय घालायचे?