परवानगीच्या चौकटीचा इतिहास

संगणकाच्या पडद्यावर एक लहानशी चौकट उमटते आणि विचारते : हे संकेतस्थळ आपला कॅमेरा वापरू इच्छिते, परवानगी द्यावी काय? खाली दोन बटणे, एक होकाराचे, दुसरे नकाराचे. प्रश्न इतका साधा, की त्याला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु या चौकटीवरून अभियंत्यांत जो ऊहापोह झाला, तो मुळात खरी संमती कशास म्हणावे याविषयीचा आहे; म्हणूनच तो सर्वसामान्य वाचकांनीही जाणून घ्यावा असे आम्हांस वाटते.

या विचाराची बैठक जेरोम साल्ट्झर व मायकेल श्रोडर यांच्या १९७५ सालच्या निबंधात आढळते. माहितीच्या संरक्षणाची जी तत्त्वे त्यांनी मांडली, त्यांपैकी दोन येथे महत्त्वाची. पहिले असे, की ज्याला त्याला कामापुरताच अधिकार द्यावा. किल्ल्याच्या महाद्वारात दिंडी दरवाजा ठेवतात तो याच बुद्धीने : एक माणूस आत घ्यावयाचा तर सारे द्वार उघडण्याचे कारण नाही. दुसरे असे, की संरक्षणाची रीत वापरणाऱ्यास सोपी व सहज असावी. ती जाचक झाली तर लोक तिला बगल देतात.

ब्राउझरमधून कॅमेरा व ध्वनिग्राहक वापरण्याची सोय प्रथम 'फ्लॅश' या जोड-प्रणालीने लोकांच्या हाती दिली. २००२ सालच्या तिच्या सहाव्या आवृत्तीत परवानगी विचारणारी चौकट होती. पण नुसते विचारणे पुरेसे नाही, हे लवकरच दिसून आले. २००४ साली जेसी रुडरमन यांनी दाखविले, की एखादे पान वाचकाला काही शब्द टंकावयास लावते आणि नेमक्या त्याच क्षणी चौकट पुढे आणते. मग टंकलेले अक्षरच होकार म्हणून धरले जाते. उपाय म्हणून फायरफॉक्समध्ये अशा चौकटीचे बटण काही क्षण निष्क्रिय ठेवण्यात आले. २००८ साली रॉबर्ट हॅन्सन व जेरेमाया ग्रॉसमन यांनी याहून मोठा धोका उघड केला. पडद्यावर दिसतो एक खेळ, आणि त्यावर अदृश्यपणे पसरलेली असते परवानगीची चौकट. वाचक खेळतो असे समजून बोट दाबतो, आणि कॅमेरा सुरू होतो. फ्लॅशमधील हा दोष त्याच वर्षी दुरुस्त झाला. पुढे २०२० च्या अखेरीस फ्लॅशचाही अंत झाला.

दरम्यान ब्राउझरने हे काम स्वतःकडे घेतले होते. २००९ साली फायरफॉक्सने स्थान सांगण्याची परवानगी विचारताना पानाचे वाचन न अडविता वरच्या बाजूस पट्टी दाखविली. २०१२ साली क्रोममध्ये कॅमेरा जोड-प्रणालीवाचून चालू लागला. २०१५-१६ च्या सुमारास क्रोमने ठरविले, की सांकेतिक लिपीने सुरक्षित केलेल्या संकेतस्थळांनाच कॅमेरा वा स्थान मागता येईल.

सोय वाढली, तशी विचारणाही वाढली. २०१५ साली क्रोमने संकेतस्थळांना सूचना पाठविण्याची मुभा दिली, आणि जो तो पान उघडताच परवानगी मागू लागला. अति विचारल्याने काय होते, याची चाहूल आधीच लागली होती : अँड्रॉइड फोनवरील परवानग्यांच्या २०१२ सालच्या एका अभ्यासात केवळ १७ टक्के लोकांनी त्यांकडे लक्ष दिल्याचे आढळले. २०१९ साली मोझिला संस्थेने प्रसिद्ध केले, की सूचनांच्या सुमारे ९९ टक्के विचारणांना होकार मिळत नाही. २०२० साली फायरफॉक्स व क्रोम या दोघांनीही ही विचारणा सौम्य केली.

परंतु सौम्य करणे म्हणजे काहींच्या बाबतीत लपविणे होय, हे विसरता कामा नये. दृष्टिहीन मनुष्य पडदा-वाचकाच्या आवाजावर विसंबून असतो. कोपऱ्यातील मूक खूण त्याला कळणार कशी? ज्याचे हात चालत नाहीत, त्याला ध्वनिग्राहकाची परवानगी ही चैन नसून प्रवेशाची वाट आहे. चौकट मोठ्याने वाचली गेली पाहिजे, कळफलकाने तिच्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे, आणि उत्तर देण्यापूर्वी ती नाहीशी होता कामा नये. भाषेचेही तेच. फायरफॉक्स व क्रोम मराठीत उपलब्ध आहेत; तरी घरातील वडीलधाऱ्यांपुढे इंग्रजी चौकट उभी राहिली, तर त्यांनी दाबलेल्या होकाराला संमती कोण म्हणेल?

अलीकडची दिशा आशादायक आहे. २०१७ साली क्रोमने यूएसबी उपकरणे संकेतस्थळांना जोडू देताना सरसकट होकार न मागता, कोणते उपकरण द्यावयाचे ते यादीतून निवडावयास लावले. २०२३ साली त्यात केवळ एका वेळेपुरती परवानगी देण्याची सोय आली. दिंडी दरवाजाचे तत्त्व ते हेच.

सुरक्षा, सोय व सुगमता यांत एकीसाठी दुसरीचा बळी द्यावाच लागतो, अशी समजूत आहे. हा इतिहास पाहता ती आम्हांस पटत नाही. ज्याला प्रश्न कळला नाही त्याचे रक्षणही झाले नाही. आणि ज्याला शंभरदा विचारले, त्याला खरे म्हणजे एकदाही विचारले नाही. प्रश्न मोजका असावा, वेळेवर यावा आणि प्रत्येकास उत्तर देता येईल असा असावा. तरच त्या होकारास काही मोल आहे.