सभासद

ग्रुपवर पहिल्यांदा ‘अ‍ॅड’ झालेल्यालाही आपण सर्रास सभासद म्हणतो. या शब्दातला ‘सद्’ हा संस्कृत धातू, अर्थ बसणे. ‘सदस्य’, ‘संसद’ त्याच कुळातले. सभासद म्हणजे सभेत बसलेला माणूस. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र माणसाला न विचारता बसवले जाई; कोणी आपल्याला ग्रुपात ओढावे हे ठरवायची सोय आली २०१९ साली. यावर कोणी म्हणेल, ग्रामसभेचे सभासदत्वही यादीतूनच येते. घटनेनुसार मतदारयादीत नाव असले की झाले. आक्षेप बिनतोड आहे, पण कागदापुरता. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. तिथे एकाचा नकारही निर्णय अडवू शकतो, म्हणून गप्प बसलेल्यालाही विचारावे लागते. ग्रुपवरच्या निळ्या खुणा वाचल्याचे सांगतात, पटल्याचे नाही.

गडचिरोली-चंद्रपूरच्या पांगलेल्या वस्त्यांना, मजुरीसाठी बाहेर गेलेल्यांना तेंदूपानाच्या हंगामात बैठकीची तारीख कळवायला (रेंज असेल तिथे) ग्रुप उत्तमच. पण तारीख कळलेला आणि सभेत बसलेला, दोघेही सभासदच ठरले तर ठरावाखाली सही कोणाची घ्यायची?