मेहूण

मेहूण (न.) : धार्मिक विधीसाठी किंवा जेवणासाठी एकत्र बोलावलेले पती-पत्नी, विवाहित जोडपे.

व्युत्पत्ती : संस्कृत ‘मिथुन’ व ‘मैथुन’ या शब्दांशी संबद्ध, प्राकृत रूप ‘मेहुण’. ‘मेहुणा’ व ‘मेहुणी’ हे नातेवाचक शब्द याच कुळातील आहेत. संस्कृतातील द्विवचन मराठीत उरले नाही. दोघांचा एकत्र निर्देश ‘मेहूण’सारख्या समूहवाचक नामांनी होतो (→ वचन).

वापर : शब्द नपुंसकलिंगी असून क्रियापद एकवचनी येते : ‘मेहूण जेवायला बसले’. ‘मेहूण सांगणे’ म्हणजे जोडप्याला आमंत्रण देणे. जवळच्या शब्दांच्या छटा वेगळ्या आहेत. ‘दांपत्य’ औपचारिक, ‘युगुल’ बहुधा प्रेमिकांसाठी, ‘उभयता’ निमंत्रणपत्रिकेत रूढ. ‘जोडी’ला विवाहाची अट नाही, ती मित्रांची, कलावंतांची वा बैलांचीही असते. ‘दुक्कल’ अनेकदा उपरोधाने वापरतात.

आचार : कुलाचार, व्रताचे उद्यापन व मंगलकार्य यांत मेहुणाला लक्ष्मी-नारायणाचे रूप मानून जेवू घालतात, पत्नीची ओटी भरतात, विडा-दक्षिणा देतात. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावण्याची प्रथा आहे (→ अधिक मास; सवाष्ण).

महत्त्व : मेहुणातून सूचित होणारा द्वैतातील ऐक्याचा विषय वारकरी तत्त्वविचारातही आढळतो. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’चा आरंभ शिव-शक्तीच्या दांपत्यरूप ऐक्याने होतो (→ अमृतानुभव). ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये इंद्रायणीकाठी आळंदी येथे समाधी घेतली (→ आळंदी). पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील अनेक विवाह आज याच आळंदीतील मंगल कार्यालये व धर्मशाळांत होतात.